माझ्या नावातला यच

माझं नाव भालचंद्र. मराठीत ते चार अक्षरांत आटपतं. इंग्रजीत त्याला अकरा लागतात आणि त्या अकरात दोन एच येतात. एक 'भ'च्या पाठीशी, दुसरा 'च'च्या. पुण्यात होतो तोवर या दोघांनी मला कधी त्रास दिला नाही. आपल्याकडे बँकेत, पोस्टात, गॅस एजन्सीत नुसतं 'भालचंद्र' म्हटलं की समोरचा खाली मान घालून लिहून मोकळा होतो. पण २०१३ साली कंपनीने सव्वा वर्षासाठी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला पाठवलं आणि दिवसातून दोनदा तरी फोनवर स्वतःचं नाव सुटं करून सांगायची पाळी आली. घरभाडं, वीज, डॉक्टर, लायब्ररीचं कार्ड. बी, एच, ए, एल, सी, एच... तेवढ्यात पलीकडून 'सॉरी?' यायचं. की पुन्हा पहिल्यापासून.

इंग्रजांपेक्षा आपल्यालाच 'एच' जास्त वेळा उच्चारावा लागतो, असं मला तेव्हा वाटू लागलं. त्यांच्याकडे तो स्वतंत्र संसार असलेलं अक्षर आहे. आपल्या नावांत मात्र तो पंगतीतल्या वाढप्यासारखा फिरतो. ख, घ, ठ, ढ, थ, ध, भ यांना रोमन लिपीत स्वतःचं घर नाही. इंग्रजी अमदानीत हंटरसाहेबाच्या नावाने रूढ झालेल्या लिप्यंतराने त्यांची सोय लावली ती अशी, की साधं अक्षर घ्यायचं आणि मागे एच उभा करायचा. विठ्ठलाच्या नावात एक, राधेच्या नावात एक, घनश्यामात दोन. दक्षिणेत तर साध्या 'त'च्या मागेही एच लावतात आणि लग्नपत्रिकेत 'ललिथा' वाचून आपण उगाच हसतो. 'ट' आणि 'त' वेगळे दाखवायची त्यांची ती युक्ती आहे, हे मला बरंच उशिरा कळलं.

तर बेलफास्ट. लॅगन नदीच्या काठाला ऑफिस, आठ जणांची टीम, काम वेबसाइटचं. म्हणजे दिवसभर तोंडात एचटीएमएल आणि एचटीटीपी. पहिल्याच आठवड्यात कानाला खटकलं ते हे, की आमच्यातली एक जण एचटीएमएलला 'हेच-टी-एम-एल' म्हणायची. आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, तिची लकब असेल. पण शेजारी बसणारा तिच्याच वयाचा गडी स्वच्छ 'एच' म्हणायचा. दोघं त्याच शहरात जन्मलेले. दोघांचा 'र' तसाच घोळवलेला, वाक्याचा शेवट तसाच वर चढणारा. डोळे मिटून ऐकलं तर मला तरी दोघांच्या बोलण्यात सुतभर फरक ऐकू येत नव्हता. फरक होता तो त्या एका अक्षराच्या नावात. एकाच मीटिंगमध्ये एकाच पडद्याकडे बघत एक 'एच' म्हणायचा, दुसरी 'हेच'. मराठी कानाला तर ते फारच गमतीचं लागायचं. तिने 'हेच' म्हटलं की वाटायचं, ही ठासून सांगतेय, हेच, दुसरं काही नाही.

एकदा दुपारी जेवताना मी सरळ विचारलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने. तुमच्यात बरोबर कोणतं, एच की हेच? माझ्या मते हा पावसापाण्यासारखा निरुपद्रवी विषय होता. पण टेबलावर अशी शांतता पसरली की सँडविचचा कागद चुरगळलेला ऐकू आला. मग कुणीतरी फुटबॉलचं काढलं.

नंतर प्रिंटरपाशी तिनेच समजावलं. ती फॉल्स रोडच्या बाजूची, पश्चिम बेलफास्टची. शाळा कॅथलिक, शिकवायला नन. तो पूर्व बेलफास्टचा, सरकारी शाळेतला, म्हणजे व्यवहारात प्रॉटेस्टंट. मधे चार-पाच किलोमीटर आणि नदी. 'हेच' म्हणणारा कॅथलिक, 'एच' म्हणणारा प्रॉटेस्टंट, असा तिथला ढोबळ हिशोब. अपवाद पुष्कळ, पण हिशोब सगळ्यांना पाठ. तोंडावर कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, शाळा कुठली? नाहीतर गप्पांच्या ओघात असं काही आणतात की समोरच्याला ते अक्षर उच्चारावं लागेल.

मला हे ऐकून धक्का बसायला हवा होता. बसला नाही. आपल्याकडे 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न कशासाठी विचारतात ते मला माहीत होतं. आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'गाव कोणतं?', गावावरूनही नाही झाला तर 'गावात घर कुठे आलं?'. एकही उघड शब्द न वापरता माणूस नेमका कुठे बसवायचा ते तीन प्रश्नांत ठरतं. बेलफास्टने तेच काम एका अक्षरात उरकलं होतं, इतकंच. तिथला एक जुना विनोद तिने मला सांगितला. परका माणूस म्हणतो, मी हिंदू आहे. समोरचा म्हणतो, ते कळलं हो, पण कॅथलिक हिंदू की प्रॉटेस्टंट हिंदू?

यात मला जे खरोखर चमत्कारिक वाटलं ते वेगळंच आहे. आई, भाकरी, पाऊस हे शब्द आपण घरात उचलतो. आपल्याला ते कुणी शिकवले ते आठवतही नाही. पण 'एच' हे अक्षराचं नाव घरात कोण उच्चारतं? दूध पाजताना कुठली आई मुलाला 'डब्ल्यू' म्हणून दाखवते? अक्षराचं नाव म्हणजे निव्वळ शाळेचा शब्द. कुणीतरी खडू घेऊन फळ्यावर काढलं, छडीचं टोक त्यावर ठेवलं आणि म्हणालं, म्हणा. आपण म्हटलं. पुढे जन्मभर तेच. म्हणून बेलफास्टमध्ये त्या अक्षरावरून धर्म कळतो. खरं तर कळते ती शाळा, आणि शाळेवरून धर्म. कारण तिथे शाळाच वेगळ्या. दोन्हीकडची मुलं एकत्र बसवायची म्हणून काढलेली पहिली शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ साली सुरू झाली. मुलं किती, तर २८. आजही शंभरातली सात-आठ मुलंच अशा एकत्रित शाळांत जातात. बाकीची आपापल्या फळ्यापुढे आपापला एच म्हणतात.

त्याच १९८१ सालाने त्या अक्षराला आणखी एक ओझं दिलं. बेलफास्टच्या नैर्ऋत्येला पंधराएक किलोमीटरवर मेझचा तुरुंग होता. त्यात सत्तरच्या दशकात आठ बैठ्या इमारती बांधल्या होत्या, प्रत्येकीचा आकार वरून पाहिलं तर एच. दोन्हीकडे कोठड्यांच्या लांब ओळी आणि मधे जोडणारी आडवी पट्टी. नावही तेच पडलं, एच-ब्लॉक. आम्ही साधे गुन्हेगार नव्हे, राजकीय कैदी आहोत, असं म्हणत तिथल्या रिपब्लिकन, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडू पाहणाऱ्या, कैद्यांनी त्या वर्षी उपोषण केलं. दहा जण गेले. पहिला बॉबी सँड्स, सहासष्टाव्या दिवशी, ५ मेला. त्याच उपोषणात तो ब्रिटिश संसदेवर निवडूनही आला होता. तुरुंग २००० साली बंद झाला. पण फॉल्स रोडवर सँड्सचं हसरं चित्र भिंतभर रंगवलेलं आहे, आणि त्या बाजूच्या स्मारकांवर ते अक्षर दिसतं. तिकडचे लोक त्या इमारतींना अर्थातच 'हेच-ब्लॉक' म्हणतात. बातम्या देणारे सरकारी आवाज 'एच-ब्लॉक' म्हणायचे. एका तुरुंगाची दोन नावं, आणि लिहून दाखवली तर एकच.

आणि नदीच्या अल्याड? माझ्या खोलीच्या खिडकीतून दोन अजस्र पिवळ्या क्रेन दिसायच्या. 'टायटॅनिक' जिथे बांधली त्या हारलँड अँड वुल्फच्या गोदीच्या. लोकांनी त्यांची नावं ठेवली आहेत सॅमसन आणि गोलायथ. गोलायथ १९६९ची, ९६ मीटर उंच. सॅमसन १९७४ची, १०६ मीटर. दोघींच्या आडव्या तुळईवर काळ्या रंगात तीच अक्षरं, एच अँड डब्ल्यू. शहरात कुठेही जा, मान वर केली की एच दिसतो. आमच्या टीममधल्या त्या 'एच'वाल्याचे वडील या गोदीत वेल्डर होते. आजोबाही तिथेच. गोदी म्हणजे प्रॉटेस्टंट कामगारांची. १९२० साली तिथून कॅथलिक कामगारांना अक्षरशः हुसकावून लावलं होतं. पहिल्या महिन्यात मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या अक्षराकडे बघत असे आणि वाटे, वा, आपल्या नावातलं अक्षर! हे सगळं कळल्यावर चहा तोच राहिला, बघणं जरा अवघडलं.

मूळ इंग्लंडात या अक्षराची कथा आणखी वाकडी. एच म्हणजे 'ह', आणि त्याच्या नावातच 'ह' नाही. बी म्हटलं की 'ब' ऐकू येतो, डी म्हटलं की 'ड'. एचमध्ये कुठेय 'ह'? तो वाटेत गळाला. बोलभाषेतल्या लॅटिनने 'ह' केव्हाच सोडून दिला होता. उरलेलं नाव इटालियनमध्ये 'अक्का' झालं (आपल्याला हे नाव आवडायला हरकत नाही), फ्रेंचमध्ये 'आश', आणि जुन्या फ्रेंचमधूनच इंग्रजीत येऊन झालं 'एच'. म्हणजे इंग्लंडच्या सुशिक्षित माणसाने प्रत्येक 'ह' नीट उच्चारायचा, कारण 'हाऊस'चा 'आऊस' करणारा लंडनचा कष्टकरी गावंढळ ठरतो. पण अक्षराचं नाव घेताना मात्र तो 'ह' गाळायचा. तिथे लावला तर पुन्हा हाच गावंढळ! हा नियम पाळायला घरात दोन-तीन पिढ्या साहेब असावे लागतात. साध्या माणसाने सरळ विचार केला, 'ह'चं अक्षर तर नावातही 'ह' असू दे, तर त्यात त्याचं काय चुकलं? मला तर त्याचंच बरोबर वाटतं. आता खुद्द ब्रिटनमध्येही 'हेच' वाढतोय. उच्चारकोशकार जॉन वेल्स यांनी २००८च्या सुमाराला घेतलेल्या पाहणीत १९८२ नंतर जन्मलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के लोक 'हेच' म्हणत होते. म्हातारे वाचक यावर वर्तमानपत्रांना संतप्त पत्रं लिहितात.

आयर्लंड प्रजासत्ताकात भांडणच नाही. तिथे 'हेच' हेच रीतसर. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या नावाची आद्याक्षरं एचपासून सुरू होतात, तर तिथली वर्तमानपत्रं त्याआधी 'ॲन' न छापता 'अ' छापतात. शाळेत ॲन आणि अ च्या नियमापायी पट्ट्या खाल्लेल्यांना हे वाचून समाधान वाटावं. ऑस्ट्रेलियातही 'हेच' म्हणणाऱ्याला 'कॅथलिक शाळेतला दिसतोय' म्हणतात. आयरिश नन आणि ब्रदर जिथे जिथे शाळा काढायला गेले तिथे खडूबरोबर हे अक्षरही गेलं, अशी त्यामागची समजूत.

आयरिश भाषेत तर एच जवळजवळ आपल्या नावांतल्यासारखाच वागतो. स्वतंत्र अक्षर म्हणून त्याला पूर्वी फार मान नव्हता. व्यंजन मऊ झालं की जुन्या आयरिश लिपीत त्यावर टिंब द्यायचे. विसाव्या शतकात साधी रोमन छपाई आली तेव्हा टिंब गेलं आणि त्या जागी मागे एच उभा राहिला. आपल्यासारखाच वाढपी! फक्त वाढतो ते वेगळं. आपण बीपुढे एच लावला तर 'भ' होतो, त्यांनी लावला तर 'व'. 'शिवॉन' हे तिथलं मुलीचं नाव लिहून दाखवलं तर मधे बी आणि एच दिसतात. हे मला कळलं ते दवाखान्यात. तिथल्या स्वागतकक्षातल्या बाई आयरिश माध्यमात शिकलेल्या असाव्यात. त्यांनी कागदावरचं माझं नाव वाचलं आणि पुकारा केला, "मिस्टर वालचंद्र!" मी जागचा हललोच नाही. सांगलीच्या वालचंद कॉलेजात माझा प्रवेश दोन मार्कांनी हुकला होता. ती जखम बेलफास्टच्या दवाखान्यात कुणी उघडेल असं वाटलं नव्हतं.

आता टॅक्सीचं सांगतो. माझा फ्लॅट सहा-एच. चारेक महिने झाले असतील. रात्री उशिरा घरी निघालो होतो, टॅक्सीवाल्याला पत्ता सांगितला. गाडी सुरू न करता तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला आणि हसला. म्हणाला, "म्हणजे त्यांनी तुला आधीच गाठलं म्हणायचं!"

"कुणी?"

"सहा-हेच म्हणालास की."

मी म्हणालो होतो. मला पत्ताही नव्हता. टीममध्ये माझ्याशी सगळ्यात जास्त ती बोलायची, कोड दाखवायची, चुका सांभाळून घ्यायची. तिच्या तोंडचं ते माझ्या तोंडात कधी येऊन बसलं कळलंच नाही. टॅक्सीवाला भला माणूस होता, पुढे सगळी वाट क्रिकेटवर बोलला. पण मी मागच्या सीटवर अंग चोरून बसलो होतो. 'कोणीतरी ऐकलं' ही जाणीव. ती जाणीव मला नवी नव्हती.

बायबलच्या जुन्या करारात शास्ते नावाचं पुस्तक आहे, त्याच्या बाराव्या अध्यायात यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोक पहारा देत उभे असतात. पळून येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणतात, 'शिब्बोलेथ' म्हण. एफ्राईमच्या माणसाला 'श' जमत नाही, तो 'सिब्बोलेथ' म्हणतो, आणि तिथेच मारला जातो. असे बेचाळीस हजार, असं तिथे लिहिलंय. आपल्याकडे उतारावर कुणी तलवार घेऊन उभं राहत नाही. आपण नुसतं हसतो. 'आनी', 'पानी', 'लोनी' म्हणणारा मुलगा तोंड उघडतो आणि वर्गात मागच्या बाकावर एक बारीकशी खुसखुस होते, तेवढीच.

माझं 'आणि-पाणी' ठीक होतं. माझं अडलं ते यचपाशी.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. शाळा जिल्हा परिषदेची. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असे, पहिलीपासून ते आलं २००० साली. म्हणजे एबीसीडी भेटली तेव्हा मी दहा वर्षांचा घोडा होतो. मराठी अक्षरांना वेगळी नावं लागत नाहीत हे तोवर अंगात मुरलेलं. 'क' म्हणजे क. फार तर लिहिताना गोंधळ नको म्हणून शेंडीफोड्या श आणि पोटफोड्या ष. त्यामुळे अक्षराचं नाव एक आणि काम दुसरंच, हा प्रकार आम्हाला पटेना. गुरुजी उंच, धोतर नेसणारे, हातात खडूचा तुकडा एवढासा की चिमटीत दिसायचा नाही. त्यांनी फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढल्या, मधे एक आडवी मारली आणि म्हणाले, "यच." आम्ही चाळीस जण ओरडलो, "यच!" पुढे हॉर्स आला. एका पोराने विचारलं, "गुरुजी, यचात ह कुठाय?" गुरुजी फळ्याकडे बघत जरा थांबले. म्हणाले, "साहेबाला इचार." आणि पुढे आय काढला.

यफ, यच, यल, यम, यन, यस, यक्स. आमच्याकडे ही सगळी मंडळी 'य'ने सुरू होत. गावाला येणारी गाडी यष्टी. तिच्या नंबरप्लेटवर यम-यच. आमच्या जिभेला शब्दाच्या तोंडी नुसता 'ए' रुचत नाही, त्याला 'य'चा टेकू लागतो. ही काही आमच्या गावची अडाणी खोड नव्हे. दासबोध उघडून पाहा, समर्थ 'येक' लिहितात. इंग्लंडच्या साध्या माणसाने एचपुढे 'ह' लावला, आम्ही 'य' लावला. एवढंच.

पण हे दासबोधाचं वगैरे मला आत्ता सुचतंय. सतरा वर्षांचा असताना पुण्यात हॉस्टेलला आलो तेव्हा असं काही हाताशी नव्हतं. पहिल्याच प्रॅक्टिकलला सूत्र वाचून दाखवायचं होतं, सल्फ्युरिक ॲसिडचं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "यच टू यस ओ फोर." वर्ग फुटला. सरसुद्धा हसले, वाईट हेतूने नाही, पण हसले. त्या दिवसापासून मी 'यमयच'. पूर्ण नाव यमयच अकरा, साताऱ्याच्या गाड्यांचा नंबर. वर्षभर कुणी मला भालचंद्र म्हटलं नाही. मी रात्री पाठमोरा झोपून पांघरुणात ओठ हलवत म्हणत असे, एच, एच, एफ, एल, एम. 'ए'च्या आधी श्वास जरा अडवला की 'य' येत नाही, हे मी स्वतःच शोधून काढलं. दिवाळीपर्यंत 'य' गेला. दिवाळीला गावी गेलो आणि 'एसटी कितीला आहे?' असं विचारलं, तर आजी म्हणाली, "कोन येस्टी?" तिला वाटलं कुणा माणसाबद्दल विचारतोय.

असे उच्चार सोडणारा मी एकटा नाही. मावसबहीण टोरांटोला असते. तिची मुलगी पाच वर्षांची असताना एबीसीडीचं गाणं म्हणायची तेव्हा शेवट 'झी'ने करायची, कारण गाण्यात पुढच्या ओळीशी यमक 'झी'चं जुळतं आणि अमेरिकन टीव्ही तेच शिकवतो. कॅनडात मात्र मोठी माणसं 'झेड' म्हणतात आणि अमेरिकेपेक्षा आपण वेगळे हे सांगायला त्या झेडचा झेंडा करतात. २००० साली तिथल्या एका बिअरच्या जाहिरातीत तरुण पोरगा व्यासपीठावर उभा राहून ओरडून सांगतो, त्याचा उच्चार झेड आहे, झी नाही! सगळा देश त्यावर खूश झाला होता. तिथले भाषाशास्त्रज्ञ जॅक चेंबर्स यांनी एक मजेशीर गोष्ट नोंदवली आहे. १९७९ साली टोरांटो भागात बारा वर्षांच्या मुलांतली दोन-तृतीयांश 'झी' म्हणत होती. वाटलं असेल, गेला झेड. पण १९९१ मध्ये वीस ते पंचवीस वयाच्या तरुणांना विचारलं तर 'झी'वाले ३९ टक्क्यांवर आलेले. म्हणजे वाढता वाढता पुष्कळांनी मुकाट्याने बदललं. भाचीही आता झेड म्हणते. कधी बदललं विचारलं तर तिला आठवत नाही. मला माझी तारीख आठवते.

(आपण मराठी लोक याबाबतीत सुखी. शाळा झेडपीची, मालिका झीवरची. माझी आई एका दमात दोन्ही म्हणते आणि तिला कुणी देश विचारत नाही.)

टॅक्सीच्या त्या रात्रीनंतर मी सावध झालो. ऑफिसात दोघांपैकी कुणाशी बोलतोय ते बघून अक्षर निवडायला लागलो. तिच्याशी हेच, त्याच्याशी एच. मीटिंगमध्ये दोघं असले की फजिती. एकदा तर 'त्या मार्कअपच्या भाषेत' असा द्राविडी प्राणायाम करून एचटीएमएल टाळलं. त्याने चष्म्यावरून पाहिलं, तिने ओठ दाबले. मला वाटतं, दोघांनाही कळलं होतं.

सव्वा वर्ष संपलं. निघायच्या आदल्या आठवड्यात वीज कंपनीला फोन करून खातं बंद करायचं होतं. सामानाच्या खोक्यांत बसलो होतो, एका हातात चिकटपट्टी, खांद्याने फोन धरलेला. पलीकडे बाई, आवाजावरून पन्नाशीच्या. त्यांनी नाव सांगायला सांगितलं. मी सुरू केलं, बी... आणि पुढच्या अक्षरापाशी, रोज जिथे क्षणभर थांबून ठरवायचो तिथे, दातात धरलेली चिकटपट्टी सुटली आणि तोंडातून निघालं, "यच."

मी गप्प. त्याही गप्प. कीबोर्डचा आवाज थांबलेला.

"पुन्हा सांगता, लव्ह?"

"यच," मी म्हणालो. आता सांगायचंच होतं. "बी, यच, ए, यल, सी, यच, ए, यन, डी, आर, ए."

टकटक सुरू झाली. मग थोडा वेळ काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, "ग्रँड." तिकडे 'ठीक' म्हणायला हाच शब्द. पुढे मीटरचा आकडा विचारला.

शेवटचं बिल पुण्याच्या पत्त्यावर आलं, तीन आठवड्यांनी. पाकिटावर नाव अकराच्या अकरा अक्षरांनिशी बरोबर होतं, दोन्ही एच जागच्या जागी. तिथल्या सव्वा वर्षात एकदाही असं झालं नव्हतं. बिल होतं शहात्तर पौंडांचं. मला ते जरा जास्तच वाटलं.